परदेशची सुपारी घेण्याआधी

श्रावणात परदेशातल्या मराठी माणसांना कानबाईची (खानदेशातल्या देवीची) गाणी हवी असतात, कुणाला वही हे खानदेशी लोकगायन, कुणाला सातपुड्यातला होळीचा नाच. निमंत्रणासोबत सल्लाही येतो: "टुरिस्ट व्हिसावर या, मानधन हातात देऊ." हे अजिबात ऐकू नका. अमेरिकेत पर्यटक व्हिसावर व्यावसायिक कलावंताला असे कार्यक्रम करता येत नाहीत, मानधन घेतलं नाही तरीही नाही. विमानतळावर ढोल, पोशाख आणि फोनमधली जाहिरात सापडली तर तिथूनच परत पाठवू शकतात. मग पुढच्या प्रत्येक अर्जात ते नोंदवावं लागतं. बोलावणारा मोकळा राहतो, भोगतो कलावंत.

अमेरिकेसाठी आपल्या लोककलेला नेमका बसणारा व्हिसा म्हणजे पी-३. तो कलावंताला स्वतःसाठी मागता येत नाही. तिथली संस्था किंवा एजंट त्यासाठीचा अमेरिकी सरकारचा आय-१२९ फॉर्म भरतो. कार्यक्रमाच्या वर्षभर आधीपासून तो भरता येतो. सोबत करार, तारखा-ठिकाणांचं वेळापत्रक, तिथल्या कामगार संघटनेचं अभिप्रायपत्र आणि कलेच्या अस्सलपणाचे पुरावे लागतात. एका अर्जात २५ पेक्षा जास्त नावं बसत नाहीत.

घोडं अडतं ते पुराव्यांवर. "हे नामवंत कलाकार आहेत" अशा शिफारशीचा उपयोग नाही. ही कला कोणत्या समाजाची, कोणत्या सणाला सादर होते, गुरूकडून शिष्याकडे कशी येते आणि पत्र लिहिणाऱ्याचा त्यातला अभ्यास काय, हे सगळं पत्रात हवं. त्यासाठी पुढाऱ्यापेक्षा लोकसाहित्याचा प्राध्यापक कितीतरी बरा. जत्रांची पत्रकं, वर्तमानपत्रांतली कात्रणं आजपासूनच तारखेसह जपा. मराठी मजकुराला अनुवादकाच्या सहीच्या दाखल्यासह इंग्रजी अनुवाद जोडावा लागतो. दौऱ्यातले सगळेच कार्यक्रम त्या परंपरेतले असावे लागतात, म्हणून फर्माईश आली तरी यादीत सिनेमाची गाणी घालू नका.

ध्वनी किंवा पोशाख सांभाळणाऱ्या आवश्यक माणसांसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. ऐन वेळी ढोलकीवाला बदलला, तर बोलावणारी संस्था पत्र आणि मंजुरीची प्रत वकिलातीला देऊन बदली मागू शकते. मदतनिसांची बदली मात्र वकिलातीत होत नाही. अर्ज मंजूर झाला म्हणजे व्हिसा मिळाला असं नाही. त्यानंतर प्रत्येकाचा डीएस-१६० फॉर्म (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) आणि वकिलातीतली मुलाखत असते.

ब्रिटनमध्ये छोट्या दौऱ्याला स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा पुरतो, पण निमंत्रण आधीच हातात हवं आणि मानधनाचा कार्यक्रम पोहोचल्यापासून ३० दिवसांत व्हायला हवा. त्याहून लांबलं तर क्रिएटिव्ह वर्कर व्हिसा; त्यासाठी परवानाधारक प्रायोजकाचं प्रमाणपत्र लागतं.

आखातात जाताना आधी पासपोर्ट उघडून बघा. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर सहसा ईसीआर (इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) हा शेरा असतो, आणि यूएई, ओमान, कतारसारख्या देशांत नोकरीच्या व्हिसावर जायला त्यांना भारत सरकारची मंजुरी लागते. फडातल्या अर्ध्यांना ही लागली आणि अर्ध्यांना नाही, तर दौरा तिथेच अडकतो.

सामानाचंही आधीच बघा. होळीच्या टोपातली मोरपिसं भारताबाहेर नेता येत नाहीत, निर्यातबंदी आहे. टोप कागदाचे किंवा कापडी पिसांचे करून घ्या. दिमडीवर घोरपडीचं कातडं असेल तर ती बाळगणं इथेच गुन्हा आहे. बकरीच्या कातड्याची वाद्यं, शिंगाची पावरी उतरल्यावर कस्टमने विचारण्याआधी स्वतःहून जाहीर करा. महागडी वाद्यं असतील तर फिक्की या उद्योग संघटनेकडून एटीए कार्ने (सामान शुल्क न भरता तात्पुरतं नेऊन परत आणण्याचं कागदपत्र) काढा. ते वर्षभर चालतं, पण परतताना त्यावर शिक्का मारून घ्यायचा राहिला तर शुल्क मागे लागतं.