निकोसियातला दावा, वकील आणि मिरास

सायप्रसच्या राजधानीत, निकोसियात, लेड्रा स्ट्रीटवर दोन नाक्यांवर पासपोर्ट दाखवला आणि त्याच रस्त्याने सरळ पुढे चालत गेले. ग्रीक पाट्या संपल्या, तुर्की सुरू झाल्या. मधोमध चिरलेलं शहर म्हणतात ते हे.

बुयुक हान ही जुनी सराई. ऑटोमन तुर्कांच्या फौजेने १५७० मध्ये निकोसिया घेतलं आणि १५७२ मध्ये ही उभी राहिली. चौकात खांबांवर तोललेली इवलीशी मशीद आहे. तिच्या सावलीत कॉफी पिताना आमची गाइड ऑटोमन काळातल्या काझीच्या न्यायालयाच्या दप्तरांबद्दल सांगू लागली. ‘सिजिल’ म्हणतात त्यांना.

या सिजिलांमध्ये ख्रिस्ती बायकाही सापडतात. अमक्याची मुलगी तमकी, काझीसमोर हजर, मागणी अशी, साक्षीदार हे. घर विकलंय, येणं वसूल करायचंय, नवऱ्यापासून सुटका हवीय. चर्चकडे बिशप होता, पण तिथे घटस्फोट सहजी मिळत नसे. काझीकडे नवऱ्याशी देण्याघेण्याचा सौदा करून मोकळं होता येई. अगदीच अडलं तर धर्म बदलायचा. नवऱ्याने इस्लाम नाकारला की लग्न मोडलंच. इस्तंबूल, जेरुसलेमकडच्या ज्यू बायकांचं कारण आणखी रोकडं होतं. ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे भाऊ असेल तर मुलगी वारस नाही. काझीकडे भावाच्या निम्मा हिस्सा तरी मिळे. धर्मगुरू चिडत, बहिष्काराची धमकी देत. पण बाई काझीकडे जाऊ शकते एवढं माहीत असलं, तरी घरातले पुरुष तडजोडीला बसत असावेत, असं मला वाटतं.

फार हळवं व्हायचं कारण नाही. समोर मुसलमान असेल तर ख्रिस्ती साक्षीदार चालत नसे, आणि दोन बायकांची साक्ष मिळून एका पुरुषाची. हे न्यायालय तिच्यासाठी नव्हतंच. तिने ते वापरून घेतलं.

माझे कान मात्र शब्दांवर होते. दावा, वकील, हजर, मिरास. वारशाला तुर्कीत मिरासच म्हणतात! आमच्याकडेही हेच शब्द आहेत म्हटल्यावर गाइड खूश झाली. “मग बहिणीच्या हिश्श्याला काय म्हणता?”

मला आत्याची तलाठ्याच्या टेबलावरची सही आठवली. सांगितलं, “हक्कसोड.”

‘हक्क’ तिला कळलं होतं. ‘सोड’ तेवढं समजावून सांगावं लागलं.