मागच्या गाडीची बॅटरी रोज का उतरते, आणि बाकीच्या कटकटी

मोटरहोमच्या (राहायची सोय असलेल्या मोठ्या गाडीच्या) मागे छोटी गाडी जोडून फिरणाऱ्यांच्या गप्पांत एक तक्रार हमखास येते, मुक्कामाला पोचलो आणि मागची गाडी सेलच घेईना. बॅटरी उतरलेली. मग माणूस नवीन बॅटरी टाकतो, ती थोडे दिवस बरी चालते आणि परत तेच रडगाणं. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण यात बिचाऱ्या बॅटरीचा बहुतेक वेळा काही दोष नसतो आणि दोष कुठे आहे ते एका साध्या मल्टिमीटरने कळलं असतं. माझं म्हणणं एवढंच आहे की मोटरहोम आणि मागची गाडी या जोडीत जे बिघडतं ते जास्त करून जोडांवर बिघडतं, वायरच्या, अर्थिंगच्या, ब्रेकच्या, आणि तिथे आधी मोजायचं मग विकत घ्यायचं.

आता बॅटरीचंच बघू. चारही चाकं जमिनीवर ठेवून गाडी ओढायची तर स्टिअरिंग मोकळं पाहिजे, आणि बऱ्याच गाड्यांत त्यासाठी चावी अ‍ॅक्सेसरीवर ठेवावी लागते, म्हणजे कॉम्प्युटर, रेडिओ, कुठले कुठले सेन्सर सगळे दिवसभर जागे, वर पेडल दाबणारा ब्रेकचा डबा बसवला असेल तर तोही त्याच बॅटरीवर चालतो. हिशोब करा, सतत २ अँपिअर जात असतील तर ८ तासांत १६ अँपिअर-अवर गेले. साध्या गाडीची बॅटरी ४५ ते ६० अँपिअर-अवरची, त्यात ती थोडी जुनी झालेली आणि दुसऱ्या दिवशी परत तेवढाच प्रवास, मग सेल कशाच्या जोरावर मारणार? म्हणून गाडी ओढायच्या अवस्थेत उभी करा, चावी तशीच ठेवा आणि डीसी क्लॅम्प मीटर बॅटरीच्या वायरला लावून किती करंट जातोय ते बघा. निघताना आणि पोचल्यावर व्होल्टेजही बघा. लेड-अ‍ॅसिड बॅटरी शांत असताना १२.६ किंवा थोडी वर दाखवते तेव्हा ती भरलेली, १२.२ च्या आसपास आली की निम्मी संपली.

उपाय दोन. काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ओढताना कुठला फ्यूज काढायचा ते दिलेलं असतं, दिलेलं असेल तर बिनधास्त करा, नसेल तर अंदाजाने फ्यूज काढत बसू नका. दुसरा उपाय मला जास्त आवडतो, मोटरहोमकडून मागच्या गाडीच्या बॅटरीला चार्जिंगची वायर. मोटरहोमचं इंजिन चालू असेपर्यंत मागची बॅटरी भरत राहते आणि रोजचं फ्यूज काढणं-घालणं वाचतं. पण नुसती वायर ओढून मोकळं व्हायचं नाही, करंट मर्यादेत ठेवणारा छोटा चार्जर मध्ये पाहिजे, आणि फ्यूज वायरच्या दोन्ही टोकांना पाहिजे. दोन्ही टोकांना का, तर दोन्ही बाजूंना बॅटरी आहे, वायर मध्येच कुठे घासून बॉडीला टेकली तर करंट दोन्हीकडून धावत येतो.

लाईटचं प्रकरण जवळपास सगळं अर्थिंगवर येऊन थांबतं. ब्रेक दाबला की दोन्हीकडचे इंडिकेटर मंद पेटतात, डावा इंडिकेटर दिला की उजवा पण लुकलुकतो, पार्किंग लाईट लावले की ब्रेक लाईट गायब, असली विचित्र लक्षणं दिसली की बल्ब बदलू नका, अर्थ बघा. करंटला परतीची धड वाट मिळाली नाही की तो दुसऱ्या बल्बमधून वाट काढतो, म्हणून सगळं एकमेकांत मिसळल्यासारखं दिसतं. टो बार (दोन गाड्या जोडणारा दांडा) लोखंडी आहे म्हणून अर्थ आपोआप मिळतो या समजुतीत अजिबात राहू नका, सांध्यांवर रंग, ग्रीस, गंज असतो, प्लगमध्ये अर्थची स्वतंत्र जाड वायर असायलाच हवी. तपासायचं असं, लाईट चालू ठेवून (चालूच ठेवून, बंद असताना मोजून काही कळत नाही) मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं लाईटच्या अर्थ पॉइंटला. ०.२-०.३ व्होल्टच्या वर आकडा गेला तर कुठेतरी गंज किंवा लूज कनेक्शन आहे. घासून चकचकीत धातू काढा, नवीन लग दाबून बसवा, वर डायइलेक्ट्रिक ग्रीस. अर्ध्या तासाचं काम आहे.

डायोडबद्दल थोडं. मोटरहोमचा करंट मागच्या गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये उलटा शिरू नये म्हणून लाईटच्या वायरमध्ये डायोड घालतात, ठीक आहे, पण साधा सिलिकॉन डायोड ०.६-०.७ व्होल्ट खातो आणि आधीच लांब वायर असेल तर लाईट पिवळट दिसतो. मागच्या दिव्याच्या खोक्यात जागा असेल तर मी म्हणेन वेगळा बल्ब आणि वेगळी वायर टाका, गाडीच्या मूळ वायरिंगला हातच लावायचा नाही. नवीन गाड्यांत एक वायर कापली तर डॅशबोर्डवर भलतेच एरर येतात, त्यापेक्षा हे शंभरपट बरं.

ब्रेक हा विषय मात्र मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. इंजिन बंद असलं की पेडल हलकं करणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम दोन-चार दाबांत संपतो आणि पेडल दगडासारखं होतं, त्यामुळे मागच्या गाडीला कुठली ब्रेक सिस्टीम बसवता ती या कडक पेडलचं काय करते हे विचारूनच घ्या. काही सिस्टीम कडक पेडलच जोर लावून दाबतात, काही स्वतः व्हॅक्यूम तयार करतात. आणि नंतर खरी भीती ब्रेक न लागण्याची जेवढी, तेवढीच तो लागून राहण्याची. मागे ब्रेक चिकटलेला आहे हे मोटरहोमच्या सीटवर बसून जाणवत नाही, इंजिन थोडं जड चालतंय एवढंच, आणि तोवर पॅड जळून रोटरचा रंग निळा झालेला असतो. म्हणून मागची गाडी ब्रेक मारतेय हे दाखवणारा दिवा पुढे ड्रायव्हरसमोर हवाच, आणि पहिल्या थांब्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही चाकं बघा. पुढची दोन्ही सारखीच भरपूर तापली असतील तर पेडल दाबलेलं राहतंय, एकच चाक तापलं असेल तर त्याचं कॅलिपर किंवा बेअरिंग.

ब्रेकअवे स्विच (मागची गाडी सुटलीच तर तिचे ब्रेक आपोआप लावणारा) पण वर्षातून एकदा तरी पिन ओढून तपासा, पिन ओढली की मागच्या गाडीचे ब्रेक लागले पाहिजेत. त्याची केबल मोटरहोमच्या पक्क्या भागाला बांधायची, टो बारला नाही, कारण टो बारच रिसीव्हरमधून (मोटरहोमच्या मागच्या ज्या खाचेत तो बसतो त्यातून) निसटला तर केबल त्याच्यासोबतच जाईल आणि पिन निघणारच नाही.

गाडी निवडायची असेल तर मॅन्युअलशिवाय कुणाचं ऐकू नका. बऱ्याच ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो, इंजिन बंद आणि चाकं फिरतायत म्हणजे आतले भाग कोरडे फिरतायत. २०१४ पर्यंतची होंडा सीआर-व्ही अमेरिकेत यासाठी फार चालायची, मॅन्युअलमध्ये निघण्याआधी गिअर बदलायची ठरलेली पद्धत होती, मग २०१५ मध्ये सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आला आणि ती परवानगी गेली. नाव तेच, गाडी वरून तशीच, आतलं वेगळं. जीप रँग्लरचं बरं आहे, ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा भाग) न्यूट्रलला टाकली की गिअरबॉक्सला चाकांची हालचाल पोचतच नाही. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांची मॅन्युअल चारही चाकांवर ओढायला सरळ मनाई करतात.

टो बार जमिनीला जवळपास समांतर हवा, साधारण १० सेंटीमीटरपेक्षा जास्त चढउतार नको, जास्त असेल तर जोराच्या ब्रेकला मागची गाडी खाली घुसते किंवा वर चढू बघते. उंची जुळवायला अडॅप्टर लावलात तर त्याची क्षमताही बघा, हिच, बॉल, बार, बेसप्लेट (मागच्या गाडीवरची बार जोडायची पट्टी) यात ज्याची वजन ओढायची क्षमता सगळ्यात कमी तीच तुमची मर्यादा. आणि चारही चाकांवर जोडलेली गाडी रिव्हर्समध्ये ढकलू नका, थोडी पण नको, पुढची चाकं आडवी वळतात आणि बार वाकतो. आधी उतरून सोडवा. सोडवताना पिन अडकली असेल तर हातोडा नंतर, आधी मोटरहोम थोडी पुढे घेऊन दोन्ही गाड्या सरळ रेषेत आणा, ताण गेला की पिन हाताने निघते.

टायरच्या हवेचे सेन्सर मागच्या गाडीलाही लावा, हा खर्च मी डोळे झाकून करायला सांगेन, कारण मागचा टायर फुटला तरी पुढे पत्ता लागत नाही. लांबी जास्त असेल तर सिग्नलसाठी मध्ये रिपीटर लागतो. मोटरहोमच्या टायरचं वय बाजूवरच्या कोडच्या शेवटच्या चार आकड्यांत असतं, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी शिल्लक दिसते म्हणून टायर चांगला असं या गाड्यांत धरता येत नाही, उभ्या उभ्या रबर म्हातारं होतं.

आता मोटरहोममधल्या घराच्या वापराच्या, म्हणजे आतले दिवे-पंखे चालवणाऱ्या बॅटरीचं. लिथियम, म्हणजे एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट), टाकायची सगळ्यांना घाई आहे आणि ती बॅटरी आहेच छान, पण दोन गोष्टी कुणी सांगत नाही. एक, तिचा रोध इतका कमी असतो की ती ऑल्टरनेटरकडून मिळेल तेवढा करंट खेचत राहते, आणि इंजिन आयडलवर असताना ऑल्टरनेटरचा पंखा हळू फिरत असतो, तो तापून जळतो, म्हणून मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर घाला. दोन, तिचं व्होल्टेज जवळपास शेवटपर्यंत १३ च्या आसपास सपाट राहतं, त्यामुळे भिंतीवरचं जुनं मीटर बॅटरी संपत आली तरी फुल्ल दाखवेल, शंट (आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा भाग) लावलेला बॅटरी मॉनिटर घ्यावाच लागतो. आणि शून्य अंश सेल्सिअसच्या खाली ती चार्ज करायची नाही, बीएमएसमध्ये (बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटमध्ये) ते संरक्षण आहे का बघून घ्या.

गॅसवरचा फ्रिज नीट थंड करत नसेल तर गाडी लेव्हलला उभी आहे का ते पहिलं बघा, त्यातलं अमोनियाचं द्रावण गुरुत्वाकर्षणाने वाहतं, वाकड्या जागेवर ते साचतं, बॉयलर जास्त तापतो आणि हे वारंवार झालं तर फ्रिज कायमचा जातो. मागच्या जाळीत १२ व्होल्टचे दोन छोटे पंखे बसवले तर उन्हाळ्यात बराच फरक पडतो.

आणि पाण्याचा पंप रात्री सगळे नळ बंद असताना मध्येच घुर्रर्र करून थांबत असेल तर एकतर कुठेतरी गळतंय किंवा पंपाचा चेक व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारा) गेलाय. ओळखायची सोपी खूण, बाहेरच्या नळाला पाइप जोडलेला असताना तुमची पाण्याची टाकी आपोआप भरायला लागली तर तो व्हॉल्व्हच, भिंती उघडायची गरज नाही. कचरा अडकला असेल तर उघडून साफ करून बघा, नाही जमलं तर पंपाचं हेड बऱ्याचदा वेगळं मिळतं.