आमची वाटचाल : बागेसरीवरचा सॅक्सोफोन

फोंड्याच्या वरच्या बाजारात आमची पेढी. धंदा मूळचा सोन्याचा. एका तियात्राच्या (कोंकणी संगीत नाटकाच्या) बँडवाल्याच्या सॅक्सोफोनची तुटलेली किल्ली वडिलांनी डाख देऊन जोडून दिली आणि वाद्यं येत गेली. बागेसरी म्हणजे सोनाराची शेगडी, फुंकणी, चिमटा, लाख सगळं घरचंच. भोकं झाकणारी चामड्याची पॅडं, कॉर्क आणि स्प्रिंगा तेवढ्या मुंबईहून. मधली वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग समोरच दुकान उघडलं. उघडणारा आमच्याच हाताखाली शिकलेला. नाव घेत नाही, बाजाराला माहीत आहे. पॅड तो झटपट गोंदाने चिकटवायचा. लाखेवरचं पॅड दिवा दाखवून पुन्हा सरकवता येतं, तो गोंद एकदा धरला की संपलं. पॅड केसभर तिरकं बसलं तरी बी-फ्लॅट, म्हणजे सगळ्यांत खालचा सूर, फुटतो आणि वाजवणारा बिचारा रीड (तोंडातली वेताची पट्टी) बदलत बसतो. पण अर्धा दर, तासाभरात काम! गिऱ्हाईक तिकडे वळलं. वर 'शेट वाद्य अडकवून ठेवतात' ही आवई. त्यातच 2020 साल आलं. लग्नं, तियात्रं, हॉटेलं सगळं बंद. सोनाराच्या घरातल्या पाटल्या दुसऱ्या सोनाराकडे गहाण पडल्या, आणखी काय सांगू?

टिकले ते आमचे सर. चर्चच्या शाळेत सोल्फा (डो-रे-मीचं सूरवाचन) शिकलेले, मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवून गावी परतलेले. गोव्यातल्या नेवऱ्याच्या सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विसांनी रागदारी जॅझमध्ये आणली, सरांच्या स्वतःच्या चाली त्याच वाटेच्या. भूपाचे पाच सूर आणि जॅझवाल्यांची मेजर पेंटाटॉनिक एकच, हे ते मुलांना माझ्याच बाकावर बसून वाजवून दाखवतात. त्यांचा टेनर सॅक्सोफोन सेल्मर कंपनीचा मार्क सिक्स; पॅरिसवाल्यांनी 1954 साली काढलेलं मॉडेल. त्याच्या किल्ल्यांना दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही, हे मी छाती काढून सांगतो.

टाळेबंदी उठल्यावर सर विद्यार्थ्यांचे ऑल्टो (टेनरपेक्षा लहान सॅक्सोफोन) रिक्षात घालून आले. पावसाळाभर पेटीत कोंडलेले. पॅडांवर बुरशी, स्प्रिंगांना गंज. काहींवर समोरच्याचा गोंद. तो खरवडून काढायला मला फार वेळ लागला. सर म्हणाले, "घाय ना, शेट." पैसे मात्र आगाऊ ठेवून गेले. त्यावर पेढी उभी राहिली.

हे वाद्य ज्याने काढलं त्या आदोल्फ साक्सलाही 1846 च्या पेटंटनंतर प्रतिस्पर्ध्यांनी कोर्टात इतकं फिरवलं की दिवाळं निघालं. मी निदान पाटल्या सोडवल्या. समोर आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

आणि ऐका, जी-शार्पचं पॅड चिकटलं तर तेल ओतू नका. सिगारेटचा पातळ कागद खाली धरून किल्ली हलकी दाबा, ओल टिपली जाईल. वाजवून झालं की रीड काढा, आतून फडकं फिरवा, मगच पेटी बंद करा. गोड खाऊन चूळ न भरता फुंकणाऱ्यांचं काम आम्ही जास्त दराने करतो. दराची पाटी गल्ल्यावर लावलेली आहे.