पेट्रोलचा काटा

बाबांच्या पद्मिनी गाडीचा पेट्रोलचा काटा आज एकदाचा खरं बोलायला लागला. टाकी भरलेली असो की रिकामी, पठ्ठ्या अर्ध्यावर बसून असायचा.

मिस्त्रीकाकांनी आधी बॅटरीची वायर काढली, मग टाकीतलं युनिट (पेट्रोलची पातळी काट्याला कळवणारा भाग) उघडलं. फ्लोटच्या, म्हणजे पेट्रोलवर तरंगणाऱ्या पितळी डबीला केसाएवढी चीर, कानाशी हलवली तर आत पेट्रोल डुचमळतंय! ती तरंगणार कशी? वरून रेझिस्टन्सची (विजेला अडवणारी) तारही एका जागी घासून तुटलेली.

नवं युनिट बसवणं सोपं. वेळ गेला तो काटा जुळवण्यात. फ्लोट वरखाली झाला की रेझिस्टन्स बदलतो आणि त्या हिशोबाने काटा हलतो. युनिट आणि मीटरचं जमलं नाही तर भरलेली टाकीही अर्धी दिसते. काकांनी युनिट बाहेरच मल्टिमीटरला (रेझिस्टन्स मोजायच्या यंत्राला) लावून रिकामी-फुल अशी दोन्ही टोकं तपासली, फ्लोटची दांडी किंचित वाकवली, परत तपासली. मी घाई करतोय म्हटल्यावर, "थांब न भाऊ, काय गाडी सुटून रायली का तुही?"

अर्थिंगची, म्हणजे युनिटची वीज गाडीच्या पत्र्याला जोडली जाते ती जागा पॉलिश पेपरने घासली (तिथे गंज असला तर नवं युनिटही चुकीचं दाखवतं). मग पाच-पाच लिटर मोजून ओतत मीटरच्या काचेवर पेनाने खुणा केल्या.

काटा शून्यावर आला तरी थोडं पेट्रोल उरेल, असं मुद्दामच ठेवलंय. फुल टाकीला जरा कमी दाखवतो, दाखवू दे. मे महिन्याच्या उन्हात वर्धा रोडवर गाडी ढकलायची आपल्याला काही हौस नाही, राजेहो!