नाणेघाटातल्या बारा गाई

शिलालेखांचे फोटो काढणं हे माझं काम. फोटो म्हटलं की लोकांना भरपूर उजेड आठवतो. मला मात्र अंधार लागतो. दगडातलं झिजलेलं अक्षर समोरून दिवा मारला की नाहीसं होतं. दिवा भिंतीला जवळजवळ चिकटवून तिरपा धरला, की खाचेत सावली पडते आणि अक्षर वर येतं.

त्या दिवशी नाणेघाटासाठी जुन्नरहून पहाटेच निघालो. चावंडचा किल्ला, पूरच्या कुकडेश्वराचं कोरीव देऊळ, मग घाटघर, आणि पुढे पठार एकदम संपतं. दिवाळी होऊन महिना झाला होता, गवत सोनेरी पडलेलं. डावीकडे जीवधन किल्ला आणि त्याचा वानरलिंगी सुळका, समोर नानाचा अंगठा नावाचा कडा, खाली कोकण. माणसं इथे कड्यावर थांबतात, फोटो काढतात. घाटाच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे. वाटेवरची जकात त्यात टाकत, असं सांगतात. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून आलेला माल याच अरुंद घाटवाटेतून जुन्नर, पैठणकडे चढायचा.

रांजणापासून थोडं खाली उतरलं की लेणं लागतं. मागच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्याच्या मूर्ती होत्या. आज फक्त पावलं उरली आहेत आणि वर नावं: राया सिमुक सातवाहन, देवी नायनिका, राया सिरी सातकनी. दर वेळी त्या पावलांपाशी मी थबकतेच. बाजूच्या भिंतींवर नागनिकेचा, म्हणजे याच नायनिका राणीचा, लेख आहे, इ.स.पूर्व पहिल्या शतकातला, ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत. कोणते यज्ञ केले आणि दक्षिणा काय दिली, याची लांबलचक नोंद. त्यावर अलीकडच्या कुणीकुणी आपली नावं खरवडली आहेत. ती बघून पोटात तुटतं.

दिवा धरायला घाटघरचे एक मामा बरोबर होते. घरी सहा गाई, शाळा दुसरीपर्यंत. तासभर ते मुकाट्यानं मी सांगेन तसा दिवा वर-खाली करत होते. मग म्हणाले, "ताई, हितं लिवलंय तरी काय?"

मी बोट हवेतच ठेवून वाचलं, "दखिना दिना गावो बारस."

"गावो म्हंजी?"

"गाई."

दिवा हलला. "बारस? वसुबारसंतली बारस? मंग बारा गाई की ह्या!"

मी गप्पच झाले. ही ओळ मी कितीदा वाचली होती, पण वसुबारस कधी मनात आली नव्हती. दोन हजार वर्षांपूर्वीचा शब्द या माणसाच्या गोठ्यात अजून वापरात होता, आणि तोही गाईंसोबतच.

मग काम बाजूला ठेवून मी त्यांना पुढचा अंक दाखवला. लेखात 'बारस' असं अक्षरी लिहून लगेच आकड्यातही लिहिलंय. शून्य नाही. दहासाठी एक वेगळीच खूण, तिच्यापुढे दोनाच्या दोन आडव्या रेघा. याच दोन रेघा हात न उचलता ओढता ओढता आपला २ झाला. पंडित भगवानलाल इंद्रजींनी एकोणिसाव्या शतकात इथल्या अंकांचा बारकाईनं अभ्यास केला. भारतातल्या अंकांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत यांची गणना होते. पुढे १७०० गाई, १० हत्ती असेही आकडे येतात. पण मामांना ते मोठे आकडे नको होते.

"बारा गाई आन् अजून काय दिलं?"

"असो च एक. एक घोडा."

"त्यो एक कुठाय?"

दिवा त्यांच्याच हातात होता. त्यांनी तो हळूहळू भिंतीलगत सरकवला आणि एका जागी थांबले. एकच आडवी रेघ. माझ्या आधी त्यांना दिसली.

तो फोटो त्या दिवसातला सगळ्यात स्वच्छ निघाला. चार वाजता बॅटऱ्या संपल्या. सामान आवरत होतो तेवढ्यात कड्याकडून काही तरुण मुलं आली. लेण्यात डोकावून एकानं विचारलं, "आत काय आहे? रिकामंच दिसतंय."

मी तोंड उघडायच्या आत मामा उठले. "रिकामं कुठलं? गाईंचा हिशेब हाय हितं. चपला भाईर काढा, हात लावू नका. या, दावतो."