पंढरपूरची रात्रीची पॅसेंजर

मुंबई-पंढरपूर पॅसेंजर आठवते का कुणाला? रात्री सीएसएमटीवरून सुटायची, शिर्डीचे डबे पण तिलाच जोडलेले असायचे आणि दौंडला ते तुटायचे, तेव्हा इंजिनाचा धक्का बसला की आजी हमखास उठायची आणि पहिल्यांदा पिशवीतले टाळ चाचपायची. पुढे कुर्डुवाडीवरून पंढरपूर. या फाट्यावर १९०६ पासून बार्शी लाइट रेल्वे कंपनीची अडीच फुटी नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची लाइन होती, रुंद रुळांची ब्रॉडगेज खूप नंतर झाली, म्हणून आजीच्या तरुणपणी कुर्डुवाडीला बोचकी उचलून गाडी बदलायला लागायची. थेट डब्यात झोपून जाता येतं याचंच तिला कोण कौतुक!

मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला, गाड्या थांबल्या आणि ही पॅसेंजर काही परत आली नाही. नंतर दादरवरून एक्सप्रेस आली, ती आता पंढरपूर करून साताऱ्याला जाते. चांगलीच आहे, पण पॅसेंजरचं तिकीट स्वस्त होतं हो, हातावर पोट असलेला माणूस सुद्धा एकादशी गाठायचा. मला अजून तो जनरल डबा दिसतो, दारापाशी सतरंजी, कुणीतरी हळू आवाजात हरिपाठ म्हणतंय आणि आजी खिडकीला डोकं टेकून झोपलेली.