कापड कमी पडले तरी खुपते, जास्त झाले तरी खुपते

धुळ्याच्या आग्रा रोडवर कोणी चारचौघांपेक्षा वेगळे कपडे घालून चालू लागले, की बाजाराची प्रतिक्रिया एका ठरलेल्या क्रमाने येते. आधी माणसे गप्प होऊन पाहतात, मग एकमेकांकडे पाहतात, आणि त्यानंतर कोणीतरी हमखास विचारतो, "हाऊ कोना पोर्‍या शे रे भाऊ?" मुलगी असेल तर "हाई कोनी पोर शे?" हा प्रश्न कपड्यांविषयी नसून घराण्याविषयी असतो, हे मी आमच्या शिवणकामाच्या दुकानात बसून लहानपणापासून ऐकत आलो आहे. उत्तर मिळाले, आणि ते एखाद्या डॉक्टरांचे किंवा बड्या व्यापाऱ्याचे घर निघाले, की तेच कपडे "आजकालची फॅशन" ठरतात. उत्तर मिळाले नाही, तर शिट्टी येते, टोमणा येतो आणि कधी कधी खडाही येतो. कपडा तोच राहतो, पाहणाऱ्याची भाषा मात्र दोन मिनिटांत बदलते.

फाटक्या जीन्सचेच उदाहरण घेऊ, कारण त्यांचा आमच्या धंद्याशी थेट संबंध आला. जीन्सच्या कापडात उभे धागे निळीने रंगवलेले आणि आडवे पांढरे असतात. कारखान्यात "फाडताना" उभे धागे तोडतात आणि आडवे तसेच सोडतात, म्हणून गुडघ्यावर ती पांढऱ्या धाग्यांची जाळी दिसते. थोडक्यात, ही फाटलेली वस्तू नसून पुष्कळ हिशेबाने फाडलेली वस्तू आहे. मार्च 2021 मध्ये उत्तराखंडचे तत्कालीन मुख्यमंत्री तीरथसिंह रावत यांनी अशा जीन्स घालणाऱ्या बायकांच्या संस्कारांवर बोट ठेवले, देशभरातील स्त्रियांनी आपापले गुडघे दाखवणारे फोटो टाकून त्यांना उत्तर दिले, आणि पुढे त्यांनी भावना दुखावल्याबद्दल माफी मागितली. त्या वादाचे आमच्याकडे आलेले रूप मात्र वेगळे होते. आया मुलींच्या जीन्स पिशवीत घालून आणू लागल्या. त्यांना रफू नको होते, कारण रफू केला तर मुलगी ती जीन्स घालणारच नाही. त्यांना भोकामागून अस्तर हवे होते. पॅन्ट उलटी करायची, गुडघ्यापाशी ताणणाऱ्या काळ्या होजियरीचा तुकडा टाचण्यांनी बसवायचा आणि पांढऱ्या धाग्यांच्या कडेकडेने अशी टीप मारायची की बाहेरून शिवण दिसू नये. साधे सुती कापड लावले तर बसताना गुडघा अडतो आणि टीप उसवते, एवढी काळजी घ्यावी लागते. भोक राहते, कातडी दिसत नाही, मुलगी कॉलेजला जाते आणि आजी गप्प बसते. समाजाच्या प्रतिक्रियेचे इतके नेमके माप मला दुसरीकडे कुठे पाहायला मिळालेले नाही. मुलांच्या जीन्सना असे अस्तर लावून घ्यायला आमच्याकडे कोणीही आलेले नाही, हेही सांगितले पाहिजे.

कपडा तोकडा असला की लोक चिडतात, असा एक सर्वसाधारण समज आहे आणि तो अर्धाच खरा आहे. 30 ऑक्टोबर 1965 रोजी मेलबर्नच्या फ्लेमिंग्टन घोडदौडीच्या मैदानावर इंग्लंडची मॉडेल जीन श्रिम्प्टन गुडघ्याच्या सुमारे 10 सेंटिमीटर वर संपणारा साधा पांढरा झगा घालून आली. डोक्यावर टोपी नव्हती, हातमोजे नव्हते, पायात मोजेही नव्हते. तिथल्या प्रतिष्ठितांनी नाके मुरडली आणि वर्तमानपत्रांना पहिल्या पानाचा मजकूर मिळाला. या प्रकरणातील मला सर्वांत आवडणारा भाग असा, की झगा तोकडा होण्यामागे कसलेही बंड नव्हते. एका कृत्रिम धाग्याच्या कंपनीने जाहिरातीसाठी दिलेले कापड शिंप्याला अपुरे पडले, आणि कोणाच्या लक्षात येणार नाही म्हणून तो तसाच शिवला गेला. कापड कमी पडणे म्हणजे काय, हे ज्याने कधी गिऱ्हाइकासमोर टेप धरून सांगितले आहे, त्याला या गोष्टीत हसू आल्याशिवाय राहणार नाही.

याच्या उलट घडले ते लॉस एंजेलिसमध्ये, 1943 च्या जूनमध्ये. तिथल्या मेक्सिकन वंशाच्या तरुणांमध्ये "झूट सूट" लोकप्रिय होता: गुडघ्यापर्यंत येणारा लांब कोट, खांद्यांत भरपूर भरणी, गुडघ्यापाशी प्रचंड घेर आणि घोट्यापाशी एकदम आवळलेली पॅन्ट. महायुद्ध चालू होते, 1942 पासून अमेरिकन सरकारने लोकरीच्या कापडाच्या वापरावर मर्यादा घातलेली होती, आणि म्हणून हा घेर पाहणाऱ्यांना देशद्रोहासारखा वाटू लागला. सुटीवर आलेले नौसैनिक रस्त्यांवर, ट्रॅममध्ये आणि चित्रपटगृहांत शिरून या मुलांना मारू लागले आणि त्यांचे सूट भर रस्त्यात अंगावरून ओरबाडू लागले. पोलिसांनी पकडले ते बहुतांशी मार खाणाऱ्यांनाच. इथे अंग उघडे पडण्याचा प्रश्नच नव्हता, उलट कापड गरजेपेक्षा कितीतरी जास्त होते. राग कापडाच्या उधळपट्टीचा होता असे म्हणावे, तर कृष्णवर्णीय आणि फिलिपिनो तरुणांनाही त्यात मार बसला, आणि त्यांतल्या काहींच्या अंगावर झूट सूट नव्हताही. तिथेही आधी "हा कोणाचा" हेच पाहिले गेले होते.

हे सगळे दूरदेशीचे झाले, असे कोणी म्हणेल. म्हणून आपल्याच सातपुड्याकडे वळतो. नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा तालुक्यात काठी या गावाची होळी भरते. तिथे व्रत पाळणारे पुरुष अंगभर पांढऱ्या ठिपक्यांची आणि पट्ट्यांची नक्षी काढतात, कमरेला घुंगरू आणि वाळलेले दुधी भोपळे बांधतात, डोक्यावर बांबूच्या कामट्यांचा आणि मोरपिसांचा उंच टोप चढवतात आणि रात्रभर नाचतात. पहाटे होळी पेटते. धुळे, जळगाव, नाशिक येथून गाड्या भरभरून लोक ती पाहायला जातात, कॅमेरे घेऊन जातात आणि परतल्यावर "काय वेश होता!" असे कौतुकाने सांगतात. अंग जवळजवळ उघडे असते, रंग भडक असतो, आणि तरी कोणाच्याही भावना दुखावत नाहीत. ही दाद खोटी आहे असे मला म्हणायचे नाही. मात्र याच डोंगरातला मुलगा शिकायला धुळ्याला येतो, केस सोनेरी करतो, कानात बाळी घालतो, घट्ट पॅन्ट आणि चकाकणारा शर्ट घालून बसस्टँडवर उतरतो, तेव्हा हीच मंडळी त्याला हसतात, आणि त्या हसण्यात कपड्यापेक्षा जातीचा वास जास्त येतो. होळीपूर्वी भरणाऱ्या भोंगऱ्या बाजारात एकाच कापडाचे कपडे शिवून घेतलेल्या मुलामुलींचे गट फिरतात. त्या कापडाचे तागे खालच्याच बाजारपेठांतून वर जातात आणि दुकानदार त्यांची वाट पाहतात. माल विकताना जी आवड चालते, ती अंगावर दिसली की गावंढळ ठरते. त्याने होळीला मोरपिसे लावावीत आणि एरवी साधा शर्ट घालावा, अशी आपली अपेक्षा असते. काय विचित्र दिसावे आणि कधी दिसावे, हे ठरवण्याचा अधिकार आपण स्वतःकडे ठेवलेला असतो.

तमाशाचीही तीच गत आहे. फडावर पुरुषाने लुगडे नेसले की शिट्ट्या दाद म्हणून पडतात, आणि तोच लुगड्यात धुळ्याच्या पाचकंदील चौकात दिसला तर शिट्ट्यांचा अर्थ पालटतो.

जानेवारी 2023 मध्ये मुंबईत, चित्रविचित्र कपड्यांसाठी गाजलेल्या उर्फी जावेदच्या रस्त्यावरील कपड्यांविरुद्ध भाजपच्या नेत्या चित्रा वाघ यांनी पोलिसांकडे तक्रार केली, तेव्हा आमच्या दुकानासमोरच्या चहाच्या टपरीवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. तक्रार योग्य म्हणणारे आणि अयोग्य म्हणणारे, दोघेही आपापल्या फोनवर उर्फीचेच व्हिडिओ पाहून बोलत होते. तिच्या कपड्यांतील शिवणकामाकडे मात्र एकाचेही लक्ष नव्हते. गोणपाट, तार आणि काच अंगावर बसवणे सोपे नसते, एवढे तरी कबूल करायला हरकत नव्हती.

पाहण्याला, हसण्याला माझी फारशी हरकत नाही. जो वेगळे घालून बाहेर पडतो, त्यालाही बहुधा कोणीतरी पाहावे असे वाटत असते, आणि लंडनच्या किंग्ज रोडवर 1976 च्या सुमारास सेफ्टी पिना टोचून फिरणारे पंक तर लोकांनी दचकावे म्हणूनच फिरत होते. हरकत आहे ती न विचारता उगारलेल्या फोनला. पूर्वीचा टोमणा चौकात सुरू होऊन चौकातच विरत असे. फोटो घरी पोहोचतो, मामाच्या गावी पोहोचतो, लग्न ठरवताना समोर येतो. मध्यंतरी अर्धे डोके भादरून उरलेले केस निळे केलेली एक मुलगी कॉलर बदलून घ्यायला दुकानात आली होती. समोरच्या कट्ट्यावरच्या एका ओळखीच्या पोराने तिचा फोटो काढला, म्हणून मी बाहेर जाऊन त्याला तो पुसायला लावला. त्याने मुकाट्याने पुसला. पण तोवर तो दोन ग्रुपवर गेलेला होता, त्यांपैकी एक आमच्या गल्लीच्या गणेश मंडळाचा होता, आणि मी आत येऊन फोन उघडला तेव्हा त्यावर हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागलेली होती, ज्यात मंडळाच्या खजिनदारांचाही एक होता.